ओहोटीची वही

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हा हिशोब तोंडपाठ असतो. अष्टमीचे आठ, पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेचे पंधरा, म्हणजे सव्वाअकराच्या पुढेमागे. मिनिटाची खात्री हवी असेल तर मोबाइलवर कोष्टक आहेच, पण शिवडीच्या चिखलावर पक्षी बघायला कधी जायचं हे ठरवायला तिथी पुरते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण. पाणी पाच मीटरच्या घरात चढतं आणि ओहोटीला तितकंच लांब जातं. त्या दिवसांत सकाळी आठाच्या सुमाराला पोचावं. पहाटे उघडा पडलेला चिखल चढतं पाणी झाकत येतं आणि पाण्याच्या पुढे पुढे पक्षी आपल्या दिशेनं सरकत येतात. अष्टमीला भांग. उजाडतानाच पाणी भरलेलं, आणि उतरलं तरी फारसं उतरत नाही.

उन्हाचाही विचार करावा लागतो. शिवडीत आपण पूर्वेकडे तोंड करून उभे असतो. सकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि समोरचे सगळे पक्षी काळे दिसतात. पायांचा, चोचीचा, पंखाखालचा रंग बघायचा असेल तर दुपारची चढती भरती गाठावी. त्यासाठी चतुर्थी-पंचमी उत्तम.

*

हार्बर लाइनवर शिवडीला उतरून पूर्वेला निघालं की बंदराची जमीन सुरू होते. गोदामांच्या लांब भिंती, उभे ट्रेलर, टँकरच्या रांगा, डिझेलचा आणि गंजाचा वास. जेट्टीजवळ लाकडी होड्या आणि बार्ज दुरुस्तीसाठी वर ओढलेले. त्यांच्या तळाला अडकलेले शंख-शिंपले खरवडण्याचा आवाज आणि वेल्डिंगच्या ठिणग्या. तिथून पुढे एकदम काहीच नाही, नुसता चिखल.

डाव्या हाताला माहुल. तेलाच्या टाक्या, तेलशुद्धीकरणाच्या मनोऱ्यांवर जळणारी ज्योत, त्यामागे तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) टेकडी आणि विजेच्या केंद्राच्या चिमण्या. इथली पहिली रिफायनरी १९५४ ची, दुसरी १९५५ ची. टेकडीपलीकडे १९५६ मध्ये अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, त्याच सुमाराला औष्णिक वीजकेंद्र आलं, पुढे खतांचा कारखाना. दहा-बारा वर्षांत मुंबईनं आपली आग, धूर आणि धोका या एका कोपऱ्यात आणून ठेवला. उजव्या हाताला अटल सेतू. पाठीशी १६८० चा शिवडीचा किल्ला. शत्रूची गलबतं दिसावीत म्हणून तो जिथे बांधला, तिथूनच आज रोहित सगळ्यांत चांगले दिसतात. टेहळणीची जागा ती टेहळणीचीच राहिली.

या चिखलावर इमारती उभ्या राहिल्या नाहीत याचं मोठं कारण ही जमीन बंदराची आणि कारखान्यांच्या कुंपणाआडची होती. कुणी पक्ष्यांसाठी ती राखून ठेवली नव्हती. नको असलेली जागा म्हणून ती उरली. हे लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं, कारण शिवडीबद्दल बोलताना आपण लगेच निसर्गाच्या चमत्काराकडे जातो.

*

रोहित म्हणजेच फ्लेमिंगो. मुंबईत मोठ्या संख्येनं ते दिसू लागले १९९० च्या दशकाच्या मध्यापासून. त्याआधीच्या माणसांना शिवडीचा गुलाबी किनारा ठाऊक नाही.

इथे दोन जाती. मोठा रोहित उंच, जवळजवळ पांढरा, चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. छोटा रोहित बुटका, रंगानं गडद, चोच काळपट लाल. शिवडीत गर्दी असते ती छोट्याची. दोघांची चोच मधेच खाली वळलेली, आणि खाताना डोकं उलटं करून ती पाण्यात धरलेली. जीभ सेकंदाला कित्येक वेळा आतबाहेर होत पाणी ओढते आणि बाहेर टाकते, चोचीच्या आतल्या पापुद्र्यांच्या गाळणीत अन्न अडकतं. मोठ्याची गाळणी जाड. तिच्यात बारीक कोळंबीच्या जातीचे जीव, अळ्या, शिंपले अडकतात. छोट्याची इतकी बारीक की डोळ्यांना न दिसणारं शेवाळ तिच्यातून सुटत नाही. म्हणून दोघं एकाच चिखलात शेजारी उभे राहून चरतात आणि भांडत नाहीत. अंगावरचा गुलाबी रंग येतो तो या खाण्यातूनच.

आता हे शेवाळ इतकं कुठून आलं? ठाण्याची खाडी उथळ आहे, आत निमुळती होत जाते. दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी तिच्यात उतरतं. सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद म्हणजे शेवाळासाठी खतच. त्यात रिफायनरी नि वीजकेंद्रांचा किनारा, बंद-चालू होणारे नाले, वर्षानुवर्षं साचणारा गाळ. रोहितांची गर्दी आणि आपली घाण यांचं नातं सरळ आहे, असं खाडीचा अभ्यास करणारे बऱ्याच वर्षांपासून सांगत आले आहेत.

*

दर हिवाळ्यात कुणीतरी म्हणतंच, "फ्लेमिंगो आले, म्हणजे खाडी स्वच्छ झाली." काही वेळा हे भाषणातही येतं. ते तसं नाही. पक्षी जिथे खायला मिळतं तिथे येतो. त्या खाण्याबरोबर पोटात काय जातं हे त्याला कळत नाही. खाडीच्या गाळात जड धातू सापडल्याचे अभ्यास आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने १९६० च्या दशकापासून तिच्या काठावर आहेत. शेवाळ वाढवणारं सांडपाणी थोडं आणखी वाढलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि मग चिखलातले किडे, खेकडे, मासे आधी जातात. त्यांच्यावर जगणारे पक्षी त्यानंतर. छोटा रोहित कदाचित सगळ्यांत शेवटी जाईल. म्हणजे खाडी मरायला लागलेली असतानाही किनारा गुलाबी दिसू शकतो.

म्हणून माझ्या वहीत रोहितांचा आकडा शेवटी लिहिते. आधी चिखलात चोच खुपसणाऱ्यांचा.

*

चोचींची लांबी बघावी. स्टिंटची चोच एवढीशी, तो वरचा पापुद्रा टिपतो. रेडशँकची त्याहून लांब, तो बोटभर खोल जातो. गॉडविटची सरळ आणि लांबलचक. तो डोळ्यांपर्यंत तोंड चिखलात घालतो आणि टोकाला जे जाणवेल त्यावरून किडा पकडतो. कर्ल्यूची सर्वांत लांब, खाली वाकलेली, खेकड्याच्या बिळाच्या वळणात शिरणारी. चिखल्या त्यांच्यापेक्षा निराळा. त्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. चिखल वरून एकसारखा दिसतो, पण खाली त्याचे मजले आहेत आणि प्रत्येक मजल्याला वेगळा भाडेकरू आहे. यांतला एखादा कमी झाला तर त्याच्या मजल्यावर काहीतरी बिघडलंय असं समजावं. रोहितांच्या गर्दीवरून ही बातमी कधीच कळणार नाही.

*

स्टिंटचं वजन पंचवीस-तीस ग्रॅम. अंडी घालतो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. कर्ल्यू सँडपायपरही सायबेरियाच्या उत्तर टोकाचा. हिवाळाभर ते करडे-पांढरे, नजरेत न भरणारे. एप्रिलमध्ये मात्र त्यांच्या छातीवर विटकरी रंग चढू लागतो, आणि एखाद्या दुपारी अख्खा थवा तांबूस दिसतो. परतीची तयारी. त्या दिवसांत ते दोनच गोष्टी करतात, खातात आणि चरबी साठवतात. जवळून फोटो मिळावा म्हणून कुणी चिखलात उतरून थवा उडवला की त्या चरबीतला काही भाग तिथेच जळतो. पुढे हजारो किलोमीटर जायचंय. एकदा थवा उडाला तर मोठं नुकसान होत नाही. दिवसातून दहादा उडाला तर होतं.

जेट्टीवर उभं राहून जे दिसतं तेवढंच बघावं. दिसत नसेल तर स्कोप घ्यावा, किंवा तिथी बदलावी.

*

जेट्टीवर एक माहुलचे कोळी काका भेटतात. जाळं सारखं करत बसलेले असतात. मी विचारलं, "काका, हे गुलाबी पक्षी पहिल्यापासून आहेत का इथे?"

"नाय गो ताई. आमचे लहानपनी यो पक्षी नव्हता. बगले होते, बारीक चिखलातले पाखरं होती. यो मागनं आला."

"आणि मासळी?"

"मासली तवा होती. निवटी, चिंबोरी, बोय, कालवं. आमची आय ओहोटीला चिखलात उतरायची नि टोपली भरून कालवं आनायची. आता जाल्यात पिशव्या येतात."

थोडं थांबून म्हणाले, "पक्षी आला नि मासली गेली. आता तुमी सांगा, बरा झाला का वाईट झाला?"

मी उत्तर दिलं नाही, आणि त्यांनीही उत्तराची वाट बघितली नाही. पण त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. पक्ष्यांच्या नोंदी आपण करतो. काकांच्या आईनं किती कालवं आणली, कुठल्या खडकावरून, कुठल्या महिन्यात, याची नोंद कुणीच केली नाही. खाडी आधी कशी होती हे त्या टोपलीवरून कळलं असतं.

*

७ ऑगस्ट २०१०. मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल समुद्रात गेलं, पेट्या लाटांवर तरंगत राहिल्या, आणि काळा थर खाडीच्या खारफुटीपर्यंत पोचला. ऑगस्टमध्ये स्थलांतरित पक्षी फारसे नसतात. जानेवारीत झालं असतं तर काय, हा प्रश्न मला अजूनही छळतो. समोर जवाहर द्वीपावर आणि पीर पाऊच्या जेट्टीवर तेलाची जहाजं रोज लागतात.

*

माहुलची हवा. शिवडीत वारा पूर्वेचा असला की घशाला कळतं. आपण दोन तास उभे राहून परत जातो. माहुलमध्ये मात्र शहराच्या विकासकामांत घरं गेलेल्या हजारो कुटुंबांना आणून ठेवलं गेलं. श्वासाचे विकार, त्वचेचे विकार, सततचा वास, यांबद्दल ती माणसं वर्षानुवर्षं आंदोलन करत राहिली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की अशा प्रकल्पग्रस्तांना नव्यानं माहुलला पाठवू नका, आणि जे तिथे आहेत त्यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर भाडं द्या.

पक्ष्यांच्या चर्चेत माहुलचा उल्लेख "शिवडी-माहुल पाणथळ" असा येतो, आणि त्या नावात माणसं नसतात. पण पाणी तेच आणि हवा तीच. चिखलातल्या गॉडविटची काळजी असणाऱ्यानं माहुलच्या चाळीतल्या खोकणाऱ्या पोराची वेगळी काळजी करायची गरज नाही. दोघांच्या तक्रारीचा अर्ज एकच आहे.

*

शिवडी-न्हावाशेवा पूल, आता अटल सेतू. लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले १६.५ समुद्रावर. १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला. काम २०१८ ला सुरू झालं तेव्हापासून शिवडीच्या चिखलात खांब, तात्पुरते मार्ग, क्रेन. त्या वर्षांत रोहित वर, भांडूप-ऐरोलीच्या बाजूला जास्त दिसायचे. काहींनी तेव्हाच "शिवडी संपली" म्हणून टाकलं होतं. पूर्ण संपली नाही. पक्षी पुलाखालून चरत जातात, खांबांच्या सावलीत उभे राहतात. गाड्यांचा आवाज आणि दिवे अडावेत म्हणून चिखलाच्या टप्प्यात पुलाला ध्वनिरोधक पडदे लावलेत. त्यांचा उपयोग होतो असं मला वाटतं.

पण पक्षी आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. पूर्वी ज्या पट्ट्यात चरत, त्याच पट्ट्यात चरतात का? किती वेळ? पुलाच्या किती जवळ? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे लोक या खाडीत वर्षानुवर्षं मोजणी करत आले आहेत. त्यांच्या २०१९ च्या मोजणीत खाडीतल्या रोहितांचा आकडा लाखाच्या पुढे गेला होता. असा सलग अभ्यास पुलाच्या आयुष्यभर चालू राहिला पाहिजे. उद्घाटनानंतर पाच वर्षांत तो थांबला तर काहीच कळणार नाही. चिखलाला उत्तर द्यायला वेळ लागतो.

*

तिवराची रोपं. दर वर्षी काठ थोडा पुढे सरकलेला दिसतो. जिथून पूर्वी थेट चिखल दिसायचा तिथे आता छातीइतकी हिरवी भिंत. खाडीत गाळ वाढला, चिखल उंचावला की तिवर त्याच्यावर पुढे पुढे येतो. उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर खारफुटी तोडण्यावर बंदी आली, २०१२ मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. ही दोन्ही मोठी कामं आहेत आणि त्यांनी मुंबईचा किनारा वाचवला यात मला शंका नाही. खारफुटीत बगळ्यांची वीण होते, माशांची पिल्लं वाढतात, विक्रोळी-ऐरोलीच्या बाजूला कोल्हेही राहतात.

तरी एक गोष्ट सांगायला हवी. स्टिंट, चिखल्या, गॉडविट यांना झाड नको असतं. त्यांना उघडा चिखल हवा, लांबवर नजर जाईल असा, म्हणजे ससाणा येताना दिसतो. आपल्याकडे हिरवं म्हणजे चांगलं हे इतकं मुरलंय की रोपलागवडीचा कार्यक्रम करायला मोकळी जागा म्हणून चिखलाकडेच बोट दाखवलं जातं. जिथे तिवर आपण होऊन येतो तिथे येऊ दे. पण चिखलात माणसानं रोपं लावू नयेत. चिखल रिकामा नाही.

*

शनिवार, उतरता सूर्य, चढती भरती.

शेकाट्या पंधरा-वीस, तांबड्या काठ्यांसारख्या पायांवर. उचाट्यांचा लहान थवा, वर वळलेली चोच डावीउजवीकडे फिरवत. चित्रबलाक दोन. नाल्याच्या तोंडाशी पांढरे शराटी आणि कुरवांची झुंबड. तिथे वाहून आलेलं काहीतरी खातायत. किनाऱ्यावरचा काळा बगळा, पंख अर्धे उघडून सावलीत मासा शोधणारा. एक घार सारखी त्याच्यावरून जाते. तिवराच्या वाळक्या फांदीवर खंड्या. गॉडविट दूर, पण त्यांची संख्या चांगली. पूर्ण थवा पाचशेच्या वर असावा. रेडशँकनं आरडाओरडा केला आणि सगळे उडाले. वर बघितलं तर ससाणा. दोन फेऱ्या मारून रिकाम्या पायांनी माहुलकडे गेला. थवा पाच मिनिटांत पुन्हा त्याच जागी.

रोहित सातशे-आठशे.

*

नव्यानं येणाऱ्यांसाठी, मोजणीबद्दल. हजार पक्षी एकेक करून मोजता येत नाहीत. आधी पन्नास नीट मोजावेत, डोळ्यांत तो ठिपका बसवावा, मग थव्यात असे किती ठिपके ते बघावं. चरणारा थवा विरळ असतो, विसावलेला दाट. दोघांना एकच माप लावलं तर आकडा दुपटीनं चुकतो. दोन माणसांनी वेगवेगळं मोजावं आणि आकडे आधी एकमेकांना सांगू नयेत. फोटो काढून घरी ठिपके मोजणं सगळ्यांत खात्रीचं. नोंदीत भरतीची वेळ, वारा आणि चिखल किती उघडा होता हे लिहिलं नसेल तर आकडा निरुपयोगी. भांगाच्या दिवशी "पक्षी कमी" असं लिहिलेल्या नोंदी बघून मला वाईट वाटतं. पक्षी तितकेच होते, चिखल कमी होता.

*

भरती भरल्यावर पक्षी जातात कुठे? हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मुंबईत आज तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

चिखल पाण्याखाली गेला की पाच-सहा तास या हजारो पक्ष्यांना कुठेतरी उभं राहावं लागतं. कोरडी किंवा घोटाभर पाण्याची, उघडी, कुत्र्या-माणसांपासून लांब अशी जागा. ती जागा म्हणजे मिठागरं, उरणची पाणथळं, नव्या मुंबईतली खाडीकाठची तळी. चिखल राखला आणि विसाव्याची जागा गेली, तर पक्षी चिखलावरही राहत नाही. दोन्ही जागा जवळ असाव्या लागतात, नाहीतर उडण्यातच दिवस जातो.

आणि नेमक्या याच जागा आपण घेतोय. मिठागराला कुणी जंगल म्हणत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कांजूर, भांडूप, मुलुंडची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी घ्यायचं ठरलं. माणसाला घर हवं, यात वाद नाही. माहुलला माणसं पाठवली तेव्हाही घरच द्यायचं होतं. पाणी जिथे साचायचं तिथे घर बांधल्यावर ते पाणी कुठे जाणार, हे आधी सांगितलं पाहिजे. जोराच्या पावसात आणि उधाणाच्या भरतीत शहराचं पाणी सामावून घ्यायला याच सखल जमिनी होत्या.

*

नेरूळचं डीपीएस तळं. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या. पाणी शिळं झालं, तळं आटलं. रोहित अशक्त झालेले, काही मेलेले, काही रस्त्यावर भरकटलेले सापडले. हे तळं टिकण्यासाठी कुठलंही मोठं यंत्र लागत नाही, समुद्राचं पाणी रोज दोनदा आत येऊन बाहेर जायला हवं, बस. एक पाइप बुजला की सगळं थांबतं. स्थानिक रहिवाशांनी आरडाओरडा केला म्हणून लक्ष गेलं.

*

२० मे २०२४, रात्र. घाटकोपरवर दुबईहून येऊन उतरणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला. चाळिसाच्या आसपास पक्षी मेले. त्यांचे तुकडे वस्तीत पडले. रोहित रात्री उडतात, हे बहुतेक मुंबईकरांना त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

*

जून. पहिला पाऊस पडून गेला. रोहित निघाले. ते जातात कच्छच्या रणाकडे. तिथे पावसाचं पाणी भरलं की चिखलाची उंचवट्यासारखी घरटी करून वीण होते. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी रणातल्या रोहितांच्या त्या वसाहतीबद्दल १९४५ मध्ये लिहिलं होतं. मुंबईचे रोहित कुठल्या वाटेनं जातात हे समजण्यासाठी २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं सहा पक्ष्यांना जीपीएस यंत्रं बसवली. त्यांतल्या एकाचं नाव हुमायून, सोसायटीच्या हुमायून अब्दुलालींवरून. तो पावसाळ्यात गुजरातच्या किनाऱ्याला गेला. एका पक्ष्याच्या पाठीवरच्या छोट्या यंत्रामुळे शिवडीचा चिखल, ऐरोलीची खाडी आणि भावनगरचा किनारा एकाच नकाशावर आले. कुठलाही एक तुकडा सुटा वाचवून भागणार नाही, हे आता अंदाजानं सांगावं लागत नाही.

सगळे जात नाहीत. पावसाळ्यातही काही राखाडी-तपकिरी पोरं मागे राहतात. रोहिताला पूर्ण रंग यायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर त्याला वीण करायची नसते. पावसात शिवडीला कुणी पक्षी बघायला येत नाही. दुरुस्तीच्या होड्यांवर ताडपत्र्या. समोर चिखलाच्या रंगाचीच पंधरा-वीस पिल्लं, माना खाली घालून चरत. त्यांना मोजायला फार वेळ लागत नाही, म्हणून त्यांची नोंद नीट करते. रोहित इथे आता वर्षभर आहे का, हे या नोंदींवरून कळेल.

*

नकाशा उघडला. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, २०१५ मध्ये जाहीर, सुमारे १७ चौरस किलोमीटर. ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंत. २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ऐरोलीला माहिती केंद्र आहे, बोटीची फेरी आहे, मुलं शाळेतून येतात. उत्तम काम.

वाशीच्या पुलाच्या खाली, दक्षिणेला, रेषा थांबते. शिवडी-माहुलचा चिखल या रेषेच्या बाहेर आहे. २००४ मध्ये महत्त्वाचं पक्षीक्षेत्र म्हणून त्याची यादीत नोंद झाली, पण त्या यादीला कायद्याचं बळ नाही. जमीन बंदराची. खारफुटीला न्यायालयाचा आदेश राखतो, किनाऱ्याला सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा, नियम. उघड्या चिखलाचं नाव त्याच नियमात येतं, पण अभयारण्याचं राखण त्याला नाही. गॉडविट ओहोटीला तुर्भ्याच्या टोकाला वळसा घालून वरखाली जातात. त्यांच्यासाठी पूल हा थांबा नसतो.

अभयारण्याची हद्द शिवडीपर्यंत आणण्याचा अर्ज करायचा झाला तर त्याला आकडे लागतील. सलग वर्षांचे, भरतीच्या वेळेसकट, लहान पक्ष्यांचे, आणि उरण-कांजूरच्या विसाव्याच्या जागांसकट. हे आकडे वेगवेगळ्या वह्यांत विखुरलेले आहेत. ज्यांच्याकडे २०१८ च्या आधीच्या शिवडीच्या नोंदी असतील, त्यांनी त्या सांभाळाव्यात. पुलाच्या आधीचा चिखल आता फक्त तिथेच आहे. मी माझ्या वह्या टंकायला घेतल्या आहेत. पहिला महिना झाला, आता फेब्रुवारी.